मोजपट्टीला मराठी येते का?

"माह्या वावरातल्या तुरीले अळी लागली, काय मारू?" अकोल्याकडचा एखादा शेतकरी हेल्पलाइनवर असं विचारतो. सात शब्दांचा प्रश्न. बोललेलं ऐकून लिहून काढणाऱ्या मॉडेलने, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या संगणक-प्रणालीने, तो असा उतरवला : "माझ्या वावरातल्या तुरीला अळी लागली, काय मारू?" आता हे मॉडेल किती चुकलं?

ते ठरतं तो फोन आधी ज्या माणसाने ऐकून लिहिला त्याच्यावर. मॉडेल तपासायचं तर शेजारी माणसाने लिहिलेला मजकूर लागतो, आणि मॉडेलचं लिखाण त्याच्याशी शब्दाला शब्द लावून पाहिलं जातं. किती शब्द बदलले, किती गळले, किती जास्तीचे आले, यांची बेरीज करून मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. हा शब्द-त्रुटीदर. लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं 'माह्या' आणि 'तुरीले' लिहिलं असेल, तर सातातले दोन शब्द चुकले, त्रुटीदर २९ टक्क्यांच्या आसपास. त्याने मनातल्या मनात प्रमाण करून 'माझ्या' आणि 'तुरीला' लिहिलं असेल, तर त्रुटीदर शून्य. रेकॉर्डिंग तेच, मॉडेल तेच, त्याने दिलेलं उत्तरही तेच.

आणखी एक शक्यता घ्या. दुसऱ्या एका मॉडेलने सगळं प्रमाण मराठीत नीट लिहिलं, फक्त 'अळी'च्या जागी 'आली' ऐकलं. प्रमाण मजकुराशी ताडून पाहिलं तर चूक एकाच शब्दाची, १४ टक्के. २९ टक्के चुकलेल्या मॉडेलने शेतकऱ्याचा प्रश्न शाबूत ठेवला होता. १४ टक्के चुकलेल्याने तो नाहीसा केला, कारण 'तुरीला आली लागली' याचं उत्तर कोणताही कृषितज्ज्ञ देऊ शकणार नाही.

मी मूळची अकोला जिल्ह्यातली. पुण्यात राहून मराठी बोलीच्या डेटावर काम करते : शेतीसल्ल्यासाठी येणारे फोन, त्यांचं लिखाण, त्यांचं वर्गीकरण आणि त्यावर शिकवलेल्या मॉडेलची परीक्षा. मशीन लर्निंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मॉडेल येतं, त्याचे अब्जावधी आकडे, महागडी यंत्रं. आमचा बहुतेक वेळ हेडफोन लावून ऐकण्यात आणि एक्सेलच्या रांगा वाचण्यात जातो. त्या वेळेबद्दल मला मनापासून आदर आहे. मॉडेल काय शिकणार आणि ते शिकलं की नाही हे आपल्याला कसं कळणार, हे दोन्ही तिथेच ठरतं.

लिहून काढणारी मुलंमुली बहुधा शहरातली असतात, मराठी चांगलं असलेली. शाळेने त्यांच्या हाताला 'पाणी' लिहायचं वळण लावलेलं असतं. कानावर 'पानी' पडलं तरी हात 'पाणी'च लिहितो. ती 'जवय' ऐकतात आणि 'जवळ' लिहितात. यात आळस अजिबात नाही, उलट मेहनत आहे. बोलणाऱ्याची चूक आपण निस्तरून देतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण 'मले' म्हणणारी बाई चुकलेली नाही. ती वऱ्हाडी बोलते आहे. आणि जिथे शब्दच ओळखीचा नसतो तिथे हे निस्तरणं फार महागात पडतं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड हे ज्याच्या कानावर कधी आलेलं नाही, तो त्या जागी त्याला माहीत असलेला, ऐकायला जवळचा असा दुसरा शब्द बसवतो. मॉडेल मग तोच शिकतं. परीक्षेतही तोच शब्द बरोबर धरला जातो, कारण परीक्षेचा मजकूरही त्याच मुलाने लिहिलेला असतो. शिकवताना आणि तपासताना एकच चूक असली, की ती चूक कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

वऱ्हाडीचं सोडा, प्रमाण बोलीतही हा प्रश्न सुटत नाही. आपण बोलतो 'केलं', 'सांगितलं'. लिहिताना कुणी 'केले', 'सांगितले' लिहितं. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही बोलण्यातलं 'असं केलं' आणि एरवीच्या लेखनातलं 'असे केले' अशा दोन्हींना आपापल्या जागी मान्यता दिली आहे. दोन लिहिणारे, दोघेही नियमाप्रमाणे, आणि त्यांच्या लिखाणात तरी प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या शब्दाला फरक. मग आकड्यांचा गोंधळ. शेतकरी 'अडीचशे' म्हणतो. एकजण 'अडीचशे' लिहितो, दुसरा '२५०'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'ला 'साठ तीन' म्हणायचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता. त्या वादात कुणाचं बरोबर, हा माझा विषय नाही. पण त्या पुस्तकातून शिकलेली मुलं मोठी होऊन फोन करतील तेव्हा दोन्ही रूपं ऐकू यायला हवीत, हे मात्र माझं काम आहे. आणि 'दीड' की 'अडीच' या फरकावर पंपात किती औषध पडणार ते ठरत असेल, तर त्या एका शब्दाची चूक बाकीच्या शब्दांच्या रांगेत एक म्हणून मोजणं मला पटत नाही. आम्ही मात्रेचे आकडे वेगळे काढून त्यांचा हिशेब वेगळा ठेवतो.

यावर आम्ही धरलेला मार्ग खर्चीक आहे. प्रत्येक फोनचं लिखाण दोन ओळींत करायचं. पहिल्या ओळीत जसं ऐकलं तसं, 'माह्या', 'तुरीले', 'पानी' सकट. दुसऱ्या ओळीत त्याचं प्रमाण रूप. पहिली ओळ त्या भागातल्याच माणसाने लिहायची, हा नियम. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि पैसे देणाऱ्यांना हे समजावताना दर वेळी घाम फुटतो. पण पहिली ओळ नसेल तर मॉडेलला वऱ्हाडी कळते की नाही हा प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

वर्गीकरणात हेच आणखी तीव्रतेने जाणवतं. फोन कशाबद्दल आहे, याची खूणचिठ्ठी लावायची असते : कीड, खत, हवामान, बाजारभाव, आरोग्य. शेतकऱ्याच्या बोलण्यात 'औषध' म्हणजे कीटकनाशक. 'औषध मारलं' म्हणजे फवारणी केली. शहरात वाढलेल्या मुलाने त्यावर 'आरोग्य' अशी खूण केली तर त्याला दोष देता येत नाही, त्याच्या घरात औषध म्हणजे गोळ्या आणि सिरप. उलट बाजूने, 'त्यानं औषध घेतलं' हे वाक्य विदर्भातल्या माणसाच्या अंगावर काटा आणतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा तिथे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. हे वाक्य 'कीड-फवारणी' या रकान्यात जाणं आणि तातडीच्या रकान्यात जाणं, यात एका माणसाचं आयुष्य असू शकतं.

२०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. विषबाधेचे फोन ओळखणारं मॉडेल करायचं म्हटलं की माझ्या मनात ते वर्ष असतं. असे फोन संख्येने अगदी थोडे. समजा, हजारात पाच. आता एखादं मॉडेल काहीही न ऐकता प्रत्येक फोनला 'विषबाधा नाही' म्हणत सुटलं, तर ते ९९५ वेळा बरोबर असेल. अचूकता ९९.५ टक्के. हा आकडा कागदावर छापून कुणापुढेही ठेवता येतो, आणि त्या मॉडेलने पाचही माणसं सोडून दिलेली असतात. म्हणून अशा कामात अचूकता हा शब्द मी अहवालात येऊच देत नाही. दोन प्रश्न विचारायचे. खरोखर विषबाधेचे जे पाच होते, त्यांतले किती पकडले? याला आमच्याकडे रिकॉल म्हणतात. आणि मॉडेलने जेवढ्यांवर बोट ठेवलं, त्यांतले किती खरे निघाले? ते प्रिसिजन. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही सहसा एकदम वाढत नाहीत, एक ओढलं की दुसरं सैल पडतं. पाचही पकडण्यासाठी पन्नास जणांना उगाच परत फोन करावा लागला तर मी तो करीन. बाजारभावाच्या प्रश्नासाठी मात्र करणार नाही. किती खोटे इशारे चालतील हे गणित ठरवू शकत नाही. ते रुग्णालय किती लांब आहे, परत फोन करायला माणसं किती आहेत, यावर ठरतं. हे ठरवायला तालुक्यातला डॉक्टर आणि कृषी सहायक टेबलाशी बसलेले असावेत, नुसते इंजिनीअर नकोत.

आता हत्यारांकडे येते. या लेखाचं नाव त्यांच्यावरून सुचलं.

मजकूर मॉडेलला देण्याआधी आणि तपासण्याआधी 'साफ' करायचा असतो. जास्तीची चिन्हं काढायची, इंग्रजीतली मोठी-छोटी लिपी (कॅपिटल-स्मॉल) एक करायची, शब्द सुटे करायचे. यासाठी जगभर वापरली जाणारी हत्यारं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घडली. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत, आणि युनिकोडने, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, त्यांना 'अक्षर' या वर्गात न ठेवता 'खूण' या वर्गात ठेवलं आहे. इथून सगळं सुरू होतं.

पायथॉन या संगणकभाषेतलं सायकिट-लर्न हे तयार साधनांचं भांडार मशीन लर्निंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडतं. त्यातलं शब्द मोजणारं साधन मूळ मांडणीत, काही न बदलता वापरलं, तर दोन किंवा जास्त सलग 'अक्षरं' म्हणजे शब्द असं धरतं. काना आणि वेलांटी अक्षरं नाहीत, म्हणून शब्द तिथे तुटतो. 'मराठी' दिलं की हाती 'मर' उरतं; एकटा पडलेला 'ठ' टाकून दिला जातो. 'शेतकरी'चं 'तकर' होतं. 'तुरीला पाणी' दिलं तर काहीच उरत नाही, कारण त्यात दोन अक्षरं खुणेशिवाय सलग येतच नाहीत. मॉडेलला आपण कोरा कागद देत असतो आणि ते त्यावरही एक टक्केवारी काढून देतं. एखादा विद्यार्थी हे चालवतो, ६० टक्के येतात, त्याला वाटतं मराठी अवघड आहे. मराठी तिथे पोचलेलीच नसते.

गुगलने २०१८ मध्ये बर्ट हे लिखित मजकुरावर शिकलेलं भाषा-मॉडेल खुलं केलं. त्याच्या बहुभाषी आवृत्त्यांपैकी जी लहान-मोठी लिपी एक करते, तिच्यात स्वरांवरच्या फ्रेंच-स्पॅनिश पद्धतीच्या खुणा काढून टाकण्याची पायरी आहे. तीच पायरी आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही काढते. काना आणि वेलांटी वेगळ्या उपवर्गात असल्याने वाचतात. परिणामी 'पुणे' होतं 'पण', 'मुंबई' होते 'मबई', 'प्रश्न' होतो 'परशन' आणि 'तूर' होते 'तर'. बर्टच्या कर्त्यांनी स्वतःच पुढे दुसरी, लिपीला हात न लावणारी आवृत्ती वापरा अशी शिफारस केली. शिफारस वाचली जातेच असं नाही, आणि नावात 'बहुभाषी' आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो.

मला सर्वांत जास्त खुपते ती तपासणीच्या बाजूची गोष्ट. ओपनएआयने २०२२ मध्ये व्हिस्पर हे आवाज ओळखणारं मॉडेल खुलं केलं, खरोखर मोलाचं काम. त्याच्याबरोबर त्रुटीदर काढण्याआधी मजकूर सारखा करून घेणारं एक साधनही आलं. इंग्रजी सोडून इतर भाषांसाठीच्या त्याच्या आवृत्तीत विरामचिन्हांबरोबर सगळ्या 'खुणा'ही काढून त्या जागी मोकळी जागा ठेवली जाते. म्हणजे काना, वेलांटी, मात्रा, उकार, सगळं. मराठी लिखाण यातून गेलं की व्यंजनांचे सुटे तुकडे उरतात. 'पाणी' म्हणजे प आणि ण. 'पुणे' म्हणजेही प आणि ण. काका, काकू आणि काकी तिघंही एकसारखे. मॉडेलने 'काकू'च्या जागी 'काकी' ऐकलं तरी मोजपट्टी म्हणते बरोबर. 'अळी'च्या जागी 'अळू' लिहिलं तरी बरोबर, आणि 'तुरीले'च्या जागी 'तुरीला' लिहिलं तरीही. या शेवटच्या उदाहरणावर मी बराच वेळ थांबले होते. मात्रा पुसल्या की वऱ्हाडी आणि प्रमाण यांतला निम्मा फरकच पुसला जातो, कारण तो बसलाच आहे 'मला' आणि 'मले' यांच्या शेवटच्या स्वरात. अशा मोजणीत आकडे उजळून निघतात आणि भारतीय भाषांचे तक्ते वाचणाऱ्याला वाटतं, चला, आपलीही भाषा यंत्राला कळू लागली. २०२४ पर्यंत संशोधकांनी यावर रीतसर लिहिलंही आहे. तरी तक्ता पाहिला की माझा पहिला प्रश्न असतो, मोजण्याआधी मजकुराचं काय केलं?

याच्या अगदी उलटी तऱ्हाही आहे. सारांश तपासायला रूज नावाचं माप वापरतात. त्याची गुगल रिसर्चकडची प्रचलित अंमलबजावणी मूळ मांडणीत रोमन अक्षरं आणि अंक सोडून बाकी सगळं टाकून देते. मराठी सारांश शब्दशः बरोबर असला तरी गुण शून्य. शून्य दिसलं की माणूस शोध घेतो, म्हणून हा दोष मला कमी धोकादायक वाटतो. फसवणारा आकडा तोच, जो पाहून आनंद होतो.

आणि मग 'ऱ्य'. शेतीच्या मजकुरात 'शेतकऱ्याला', 'शेतकऱ्यांनी' पानोपानी येणार. हा अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. एकात त्यासाठीचं खास अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शिवाय ज्यांच्या कीबोर्डवर दोन्हींची सोय सापडत नाही ते 'शेतकर्याला' असा रफार देऊन मोकळे होतात, म्हणजे तिसरा शब्द. साफसफाईच्या बहुतेक तयार यादीत 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' ही ओळ असते. मराठीत ती चालवली की दुसऱ्या रीतीचे सगळे शब्द तिसऱ्या रीतीत जातात. दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्याला दिलेले पैसे आचार्याला जातात. म्हणून आमच्या यादीत ही ओळ सर्वांत शेवटी येते. त्याआधी त्या जोडचिन्हाचा अर्धा र शोधून खास अक्षरात बदलून घ्यायचा. 'ॲप'चंही तसंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं; त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर हवा असेल तर आणखी एक थर : तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो, बदलून घेताना ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या अलीकडेच अडकून राहते, कारण तेव्हा टंकताना ती आधी टाकायची असे. अशा ओळी यंत्राने शोधता येतात, पण मला त्या डोळ्यांनी पाहायला आवडतात. शब्दाच्या सुरुवातीलाच एकटी वेलांटी दिसली की कळतं, ही ओळ कुठून आली आहे.

डेटा साफ झाला की त्याची वाटणी. एक भाग शिकवायला, एक मधेमधे पाहायला, एक शेवटच्या परीक्षेला. परीक्षेचा भाग मॉडेलने आधी पाहिलेला नसावा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पेपर फुटला तर निकालाला अर्थ नाही, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पण हा पेपर फुटतो तो न कळत. एका माणसाने चार वेळा फोन केला. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली तर त्याचे तीन फोन शिकवण्यात आणि एक परीक्षेत. मॉडेल त्याचा आवाज, त्याच्या विहिरीवरच्या मोटरीचा आवाज, त्याची बोलायची ढब ओळखतं आणि पास होतं. म्हणून वाटणी फोनांची न करता माणसांची करायची.

ही जुनीच शहाणीव आहे. हाताने लिहिलेले अंक ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एमनिस्ट हा संच घ्या. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने दोन गट जमवले होते, एक जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हस्ताक्षराचा, दुसरा शाळेतल्या मुलांच्या. पहिला शिकवायला, दुसरा तपासायला, अशी मूळ योजना होती. कर्मचाऱ्यांचे अंक स्वच्छ, सोपे, मुलांचे अवघड. अशा वाटणीत निकाल मॉडेलबद्दल काही सांगत नाही, कुणाचे अंक कुठे पडले एवढंच सांगतो. यान लकून, कोरिना कोर्टेस आणि ख्रिस्तोफर बर्जेस यांनी दोन्ही गट निम्मे निम्मे मिसळले, शिकवण्यासाठी ६०,००० आणि तपासण्यासाठी १०,००० अंक घेतले, आणि एका बाजूला ज्याचं हस्ताक्षर आहे त्याचं दुसऱ्या बाजूला येणार नाही असं पाहिलं. मिसळायचं कुठे आणि वेगळं ठेवायचं कुठे, दोन्ही निर्णय एकाच संचात दिसतात, म्हणून मला तो नव्या मुलांना शिकवायला आवडतो.

शेतीत माणसांच्या वाटणीबरोबर हंगामाचीही वाटणी लागते. एखाद्या आठवड्यात एकाच किडीचे शेकडो फोन येतात, जवळजवळ त्याच शब्दांत. ते दोन्हीकडे सांडले की पुन्हा पेपर फुटला. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. २०१७ पर्यंतच्या फोनांवर शिकलेल्या मॉडेलसमोर २०१८ चा फोन ठेवून पाहणं ही खरी परीक्षा, कारण वापरात त्याच्यावर नेमकी हीच वेळ येणार आहे : कालपर्यंत नसलेली कीड, आणि आज तिच्याबद्दल घाबरून विचारणारा माणूस. चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीत हा प्रसंग येतच नाही. एका खरिपावर शिकवायचं आणि पुढच्या खरिपावर तपासायचं, याला वर्ष थांबावं लागतं. थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

तयार परीक्षासंचही आहेत. बोललेलं ओळखण्याच्या परीक्षेसाठी फ्लर्स हा संच वापरतात. त्यातली वाक्यं फ्लोरेस या भाषांतरासाठीच्या संचातली, म्हणजे मुळात इंग्रजी विकिन्यूज, विकिजुनिअर, विकिव्हॉयेज यांतून घेऊन मराठीत आणलेली आणि कुणीतरी शांतपणे वाचून दाखवलेली. सगळ्या भाषांना एका मापात बघायला याचा उपयोग आहे आणि तो मी करते. पण वाचणं म्हणजे बोलणं नव्हे. तिथे कुणी "आता असं झालं का भाऊ, म्हंजे..." असं अडखळत नाही, मागे कोंबडा आरवत नाही. त्या परीक्षेतले गुण अकोल्याच्या फोनबद्दल फारच थोडं सांगतात.

सरासरीबद्दल एक गोष्ट. समजा परीक्षेत शंभर फोन आहेत, ९० पुणे-सातारा भागातले आणि १० वऱ्हाडातले. पुण्याकडचे ८६ नीट कळले, वऱ्हाडातले ४. एकूण ९० टक्के. या आकड्यात वऱ्हाडातली सहा माणसं कुठेच दिसत नाहीत, आणि फोन जास्त करून कुठून येणार? जिथे कृषी केंद्र लांब आहे तिथून. आमच्या तक्त्यात आता प्रत्येक भागाची ओळ वेगळी असते, बायकांच्या आवाजाची वेगळी, साठीपुढच्या माणसांची वेगळी, आणि ज्या ओळीत फोन फार थोडे आहेत तिथे तसं शेजारी लिहिलेलं असतं, म्हणजे दहा फोनांवरून काढलेल्या टक्केवारीवर कुणी इमले बांधू नयेत. सरासरी शेवटच्या ओळीत. ती पहिल्या ओळीत घ्या असं मला बरेचदा सांगितलं जातं आणि मी ऐकत नाही.

सध्या वाद चालू आहे तो अहिराणीचा. धुळे-नंदुरबारकडून येणारे फोन मराठीच्या संचात घ्यायचे का? जनगणनेत वऱ्हाडी मराठीखाली मोजली जाते आणि अहिराणी खानदेशी या वेगळ्या भाषेखाली. फोन करणारा मात्र ज्या क्रमांकावर फोन करतो तो मराठीचा, कारण त्याच्यासाठी दुसरा क्रमांक नाही. माझं म्हणणं, शिकवण्याच्या भागात थांबू, पण परीक्षेच्या भागात ते आत्ताच घ्यावेत, वेगळी खूण लावून. मॉडेल तिथे सपशेल पडेल हे मला दिसतं आहे, तरी ती ओळ तक्त्यात असावी. ती पहिली ओळ, ऐकलं तसं लिहायची, लिहायला साक्री तालुक्यातली एक मुलगी तयार झाली आहे. पहिल्या खेपेला तिने मला विचारलं, "ताई, खरंच आम्ही बोलतो तसंच लिहू?" पुढच्या आठवड्यात तिच्याकडून पहिल्या फायली येतील, आणि 'ळ'चं काय करायचं यावर आम्हाला पुन्हा एकदा बसावं लागेल.